एकतारवाडीची एक चूल

१६ नोव्हेंबर १९९३

बापूसाहेबांनी सांगितलं आहे की एकतारवाडीत ज्याला लिहिता येतं त्यानं रोज आपले दोष वहीत लिहावेत, त्यानं मन निर्मळ होतं. माझी दहावी झाली आहे, म्हणून मलाही वही मिळाली. कुणी वाचणार नाही असं त्यांनी देवाशपथ सांगितलं. तेव्हा मी ठरवलं, आपले दोष सावकाश लिहू, आधी दुसऱ्यांचे उरकून घेऊ.

आजपासून आम्ही इथले. इनामगावच्या पुढं, घोड नदीच्या काठाला बापूसाहेबांचा माळ आहे. कुसळं आणि दगड, दुसरं काही नाही. बापूसाहेब निवृत्त मास्तर, हातात कायम एकतारी. त्यांनी हा माळ देवाच्या नावानं सगळ्यांचा केला आणि भजनाला येणाऱ्या घरांना म्हणाले, या, आपण एक गाव वसवू. एक शेत, एक कोठार, एक चूल. घरात कुणी वेगळी चूल मांडायची नाही. मांसमच्छी नाही, दारू नाही, आणि कसायाच्या दारात जाणारं जनावर पाळायचं नाही.

आमच्याकडं तेच जनावर होतं. सगळा कळप काष्टीच्या बाजारात विकला. मला वाटलं होतं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आकांत मांडतील. अनसाबाई जन्मल्या मेंढरांत, वाढल्या मेंढरांत. पण ह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "चला. ऱ्हाऊ एका जागी." म्हातारीला देवाची एवढी ओढ असेल असं वाटलं नव्हतं. फक्त म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली घंटा तेवढी सोडून घेतली आणि गाठोड्यात टाकली.

मी खूश आहे, खोटं कशाला लिहू. तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या माहेरी पत्र्याचं का होईना घर होतं. लग्न झालं आणि दर दिवाळीनंतर कळपामागं चालणं नशिबी आलं. माझी अंकिता चार वर्षांपूर्वी कोकणच्या वाटेवर एका झाडाखाली जन्मली. त्या वेळी मी कळांमध्ये काय काय ओरडले ते मला आठवत नाही. आठवून उपयोगही नाही.

संध्याकाळी पहिली पंगत बसली. आत्याबाईंनी एकच भाकरी खाल्ली. चुलीच्या कारभारीण साखरबाई, म्हणजे बापूसाहेबांच्या मंडळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, याला म्हणायचं संयम." मी त्या वेळी तिसरी वाढून घेत होते.

२ मार्च १९९४

पाणी आलं! नदीवर मोटर बसली, पाट भरून वाहायला लागला. बायाबापड्या पाटात उभ्या राहून नाचल्या. हौसराव तर कपड्यांसकट पाटात आडवे झाले. आमच्यासारखेच तेही मेंढरांतून आलेले. म्हणाले, "जलमभर पाण्याच्या मागं हिंडलो. आज पाणी माझ्या मागं आलंय. आता उठवू नका मला." बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. दगड वेचून वेचून माझ्या बोटांची सालं गेली आहेत, तरी आज काही दुखलं नाही.

५ मार्च

बापूसाहेबांनी एक नियम केला. भजनाला प्रत्येकाच्या हातात टाळ असतातच. कुणाला वाडीचं काही पटत नसेल तर भांडायचं नाही, कुजबुजायचं नाही. आपले टाळ पालथे करून पुढ्यात ठेवायचे. मग भजन थांबवून त्याचं म्हणणं सगळ्यांनी ऐकायचं.

साखरबाईंच्या आमटीपायी माझे टाळ रोज पालथे पडायला हवेत. पण पहिलं कोण होणार? सगळे असे रंगून वाजवतात की बघत राहावं.

२१ नोव्हेंबर १९९४

आज भजनात आत्याबाईंचे डोळे वाहत होते. गालावरून धारा, पण हातातले टाळ थांबले नाहीत. बापूसाहेबांनी एकतारी थांबवून सगळ्यांना दाखवलं, "ही खरी भक्ती." मला माझी लाज वाटली. माझं सगळं लक्ष बाहेर होतं. रस्त्यानं कोकणाकडं कळप चालले होते, त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, सुटले बाई मी यातून.

११ जानेवारी १९९६

लिहायला सवड नाही. वर्ष कसं गेलं कळलं नाही. ऊस माणसापेक्षा उंच झालाय. कोठारात पाय ठेवायला जागा नाही. दौंडहून गाडी भरून माणसं आली, वर्तमानपत्रवाले आले, फोटो काढले. माळावर नंदनवन का काय तसं छापणार आहेत. साखरबाईंनी फोटोसाठी पदर नीट करेपर्यंत आमटी उतू गेली आणि आमटीला प्रथमच चव आली.

बापूसाहेबांनी पाहुण्यांना सांगितलं, इनामगावला शास्त्रज्ञांनी टेकाड उकरलं, तिथं तीन हजार वर्षांपूर्वी शेती करणाऱ्यांचं गाव निघालं. तेव्हा ह्या मातीत वस्ती करणारे आपण पहिले नाही. आत्याबाई मागं बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग कुठं गेली ती माणसं?" बापूसाहेब म्हणाले, "असं म्हणतात की पाऊसपाणी कमी झालं, शेती पिकेना, तेव्हा ती गुरंमेंढरं घेऊन हिंडायला लागली."

"शाणी हुती," आत्याबाई म्हणाल्या. पाहुणे हसले. मीही हसले. म्हातारी कधी कधी बरी गंमत करते.

३० एप्रिल १९९७

बापूसाहेबांनी दारं धरायची, म्हणजे वाफ्यांना पाणी द्यायची पाळी लावून दिली आहे. हौसरावांच्या पाळीत ऊस नुसता डुंबत असतो. ह्यांनी त्यांना विचारलं, "आप्पा, मोटर बंद का करत न्हाई?" तर म्हणाले, "हनुमंता, बटनाला हात लावला की वाटतं पोराच्या तोंडातली वाटी वढून घेतोय."

हसण्यासारखं आहे, पण आमच्या पाळीला मी तरी कुठं वेळेवर बंद केली? पाणी पुढच्या वाफ्यात शिरताना जो आवाज येतो तो ऐकत बसले. ज्यांनी उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर शिव्या खाल्ल्या त्यांना पुरे म्हणता येत नाही. हा दोष आपला म्हणून लिहिते.

१९ फेब्रुवारी १९९८

शेताच्या खालच्या अंगाला जमीन पांढरी दिसली. मला वाटलं कुणी चुना सांडला. बापूसाहेबांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली. मीठ आहे. शिरूरहून शेतीखात्याचे साहेब आले. म्हणाले, काळ्या जमिनीला एवढं पाणी सोसत नाही, खालचं मीठ वर येतं. पाणी निम्मं करा, चर खणा.

सगळ्यांनी माना हलवल्या. चर थोडे खणलेही. पण पाणी निम्मं करायचं कुणी?

७ जुलै १९९९

पंगतीत आमच्या शेजारी बसणाऱ्या मल्हारीनं वाडी सोडली. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. कंपनीची बस फाट्यावर येते म्हणे. जाताना टाळ बापूसाहेबांच्या पायाशी ठेवून रडला. पालथे नाही ठेवले, सुलटेच ठेवले. बापूसाहेब म्हणाले, "सुखी राहा." मग दिवसभर एकतारीला हात लावला नाही.

मल्हारीच्या बायकोला आता स्वतःची चूल. चूल कसली, गॅस! मला रात्री स्वप्न पडलं की मी एकटी, चार माणसांचं पीठ मळतेय, आणि पाठीमागून साखरबाई "तेल कमी, तेल कमी" म्हणत नाहीयेत. उठून अंकितेला जवळ घेतलं. ती म्हणाली, "आई, तू झोपंत हसत हुतीस."

१४ नोव्हेंबर १९९९

पांढरं आता निम्म्या शेतात पसरलं आहे. दिवाळी झाल्यापासून आत्याबाई रोज दुपारनंतर तिकडं जाऊन बसतात. जपाला जातात असं साखरबाई म्हणतात. आपल्या वाटणीची भाकरीही कधी कधी पदरात बांधून नेतात, कुत्र्यांना घालत असतील. त्या खाऱ्या मातीत बसून देवाला साकडं घालणारी ती एकटीच आहे, आणि आम्ही धडधाकट माणसं पळायच्या गोष्टी करतोय.

आज परत आल्या तर लुगड्याला लोकर चिकटलेली. मी विचारलं. म्हणाल्या, "घोंगडं उसवलंय जुनं." चेहरा मात्र कसा उजळला होता. जपानं माणूस असं होतं बहुतेक.

३ ऑगस्ट २०००

आणखी दोन घरं गेली. मोठं पातेलं चुलीवरून उतरलं, मधलं चढलं.

मी आज ह्यांना एकदाचं विचारलं, "तुम्हाला नाही का जावंसं वाटत?" ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "आईचं काय? तिनं समदं इकलं ह्येच्यापायी." मी म्हटलं, "खरंय." विषय संपला.

९ ऑक्टोबर २००२

पाऊस नाही, नदी आटली आहे. ज्या पाण्यापायी जमीन गेली ते पाणीही गेलं. आता चार घरं उरली आहेत: बापूसाहेबांचं, हौसरावांचं, आमचं, आणि म्हाताऱ्या सारजाबाई एकट्या. अंकिता सातवीत गेली. तिच्या वर्गातल्या मुली तिला "पंगतवाली" म्हणून चिडवतात.

मल्हारी येऊन गेला. त्याच्या सुपरवायझरला माणूस हवा आहे, हे येत असतील तर दिवाळीनंतर लगेच, नाहीतर दुसरा घेणार. तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या भावाच्या शेजारी दोन खोल्याही रिकाम्या आहेत. मी ओट्याची लांबीसुद्धा विचारून घेतली. मग आत्याबाईंकडं बघितलं. त्या एका भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होत्या. नऊ वर्षांत कधी दुसरी मागितली नाही. एवढी निष्ठा असलेल्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू की उठा, तुमचा देव सोडून चला, मला गॅस पाहिजे?

ह्यांना सांगितलं, दिवाळीनंतरच्या पहिल्या भजनाला मी माझे टाळ पालथे ठेवते. ते म्हणाले, "ठेव." पण आवाजात अजिबात भरवसा नव्हता.

१० नोव्हेंबर २००२

काय झालं ते सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सांजेला भजनाला आम्ही मूठभर माणसं. बापूसाहेबांनी सुरुवातीलाच विचारलं, "पाऊस झाला की वरच्या अंगाला पुन्हा लागण करू. सगळ्यांची तयारी आहे ना?" हौसराव म्हणाले, "व्हय व्हय." सारजाबाई म्हणाल्या, "देवाची विच्छा." आम्ही नवराबायकोनं माना हलवल्या. मला माझाच इतका राग आला की टाळ खाली ठेवायला हात पुढं नेला. तेवढ्यात आत्याबाईंकडं नजर गेली. डोळे मिटलेले, गालावर धारा. माझा हात परत आला. वाजवायला लागले.

बाहेर रस्त्यावर घंटा वाजत होत्या. दरवर्षीसारखे कळप कोकणाकडं निघाले होते.

आणि खण्णकन् आवाज झाला. आत्याबाईंचे टाळ पुढ्यात, पालथे.

एकतारी थांबली. बापूसाहेब हळूच म्हणाले, "अनसाबाई, टाळ पडले बघा."

"पडलं न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. "ठेवलं."

नऊ वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं, पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी बापूसाहेबांनी विचारलं, "बोला. काय पटत नाही?"

"पटतंय समदं. तुमी लई भली माणसं." आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पर मला हितं भूक लागत न्हाई, मास्तर. आले तवापास्नं. एक भाकर लोकलाजंनं गिळते."

साखरबाई तोंडावर हात ठेवून बसल्या.

"आन् भक्तीबिक्ती काय न्हाई माझी," आत्याबाई पुढं म्हणाल्या, आता थांबायला तयार नव्हत्या. "घंटा वाजल्या की रडू येतं. माझा भाऊ ज्योतिबा जातो ह्याच वाटंनं. मी खालच्या रानात बसते ती त्येचं कळप बघाया. त्या खाऱ्या गवताला मेंढरं कशी जीव टाकत्यात, तुमाला ठाव न्हाई."

खण्ण. ह्यांचे टाळ. मग माझे. मी ठेवले म्हणण्यापेक्षा टाकलेच. हौसराव आपले टाळ छातीशी धरून इकडंतिकडं बघत होते. म्हणाले, "म्हंजी... चालतंय व्हय ठेवलं तर? माझा ल्योक तीन वरसं बोलावतोय मला. मी म्हटलं मास्तरला वाईट वाटंल." आणि त्यांनीही ठेवले. सारजाबाईंनी तर एवढ्या जोरात ठेवले की त्यातला एक गडगडत दाराबाहेर गेला.

आता बापूसाहेबांकडं बघायची कुणाची छाती होईना. म्हातारा माणूस, आयुष्याचं सगळं ह्या माळात घातलेलं. ते एकतारीकडं बघत होते. मग त्यांनी ती अलगद पालथी करून टाळांशेजारी ठेवली.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले, "रोज ठरवतो, आज सांगावं. पण मीच तुम्हाला घरंदारं सोडायला लावलं. मी कसं म्हणू, आता उठा? म्हटलं, जोवर एक जण जरी टाळ वाजवतोय तोवर मी बसतो."

"आन् आमी तुमच्यासाठी बसलोय!" हौसराव ओरडले.

"मला दोन माणसांचाच स्वयंपाक करायचाय हो," साखरबाई एकदम रडायला लागल्या. "दोनच माणसांचा. फोडणीत चांगलं पळीभर तेल घालून!"

पहिलं कोण हसलं माहीत नाही. बहुतेक मीच. मग सगळेच हसायला लागलो. बापूसाहेबांना ठसका लागला, ह्यांनी त्यांची पाठ चोळली. अंकिता आमच्याकडं अशी बघत होती की जणू ही सगळी माणसं एकाच वेळी बिघडली. मला आठवत नाही की एकतारवाडीत आम्ही असे कधी हसलो होतो. पहिल्या पाण्यालाही नाही.

घरी परतताना मी आत्याबाईंना विचारलं, "देवाची ओढ नव्हती तर मग आलात कशाला? मेंढरं का विकलीत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मीच वेडं काहीतरी विचारलं. "अंकी झाली तवा तू झाडाखाली वरडत हुतीस. मला एक घर द्या, चार भिताडं द्या, न्हाईतर मी हितंच मरते. मी तुजं डोकं मांडीवर घिऊन बसले हुते. तवाच ठरवलं."

मी म्हटलं, "आणि मी तुमच्यासाठी थांबले होते. तुमचा देव सुटू नये म्हणून."

"मग मला इचारायचं की गं पोरी."

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

त्या थांबल्या, रस्त्यातच खाली बसल्या आणि पोट धरून हसल्या. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. दोष लिहायची वही आहे म्हणून लिहिते: शेजारी बसणाऱ्या माणसाला मी नऊ वर्षं ओळखलं नाही.

१७ नोव्हेंबर

ज्योतिबामामांचा कळप गेले काही दिवस आपल्याच शेतात बसवला आहे. आपल्याकडं शेतकरी मेंढरं बसवतात ते लेंड्यांच्या खतासाठी, बदल्यात धान्य देतात. बापूसाहेब स्वतः रस्त्यावर जाऊन आमंत्रण देऊन आले. ज्या माळावर मेंढराला बंदी होती तिथं आता पाय ठेवायला जागा नाही. कोठारातली उरलेली ज्वारी मामांना दिली. मेंढरं खारं गवत अशी खातात की जणू लग्नाची पंगत बसली आहे. बापूसाहेब बांधावर खुर्ची टाकून बघत बसतात. म्हणाले, "पुढं उगवलं तर उगवलं. कुणाचं तरी पोट भरतंय ना?" झोप चांगली लागते म्हणतात.

२० नोव्हेंबर

आज आत्याबाई कळपाबरोबर निघाल्या. मी खूप समजावलं, वय झालं, घाट उतरायचा आहे, माझ्या दोन खोल्यांत चला. म्हणाल्या, "भिताडं तुला. मला न्हाईत." गाठोड्यातून घंटा काढली, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. मामांच्या म्होरक्याच्या गळ्यात बांधली. एकदाही मागं वळून बघितलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांची चाल बघून वाटलं नाही.

परवा ह्यांचा कंपनीतला पहिला दिवस. सामान न्यायला टेम्पो उद्या सकाळी येणार आहे. मोठ्या चुलीतली राख मी स्वतः काढली आणि शेतात टाकली. साखरबाईंनी मला त्यांची पळी दिली.

१४ जून २००३, तळेगाव ढमढेरे

खूप महिन्यांनी वही उघडली. बाजाराला जायचं म्हणून सकाळीच भाकऱ्या टाकायला घेतल्या. गॅसवर भाकरी नीट फुगत नाही, अजून हात बसला नाही. तेवढ्यात दारात कोण? आत्याबाई. काळ्याठिक्कर, वाळलेल्या, पायांना भेगा, डोक्यावर लोकरीचं गाठोडं. मामांचा कळप फाट्यावर थांबला होता.

"जेवाय आले," म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. घर बघितलं नाही, ओटा बघितला नाही, अंकितेला मात्र डोळे भरून बघितलं.

माझी धांदल उडाली, पहिली भाकरी करपली. तीच घेतली त्यांनी. बोटानं काळं खरवडून म्हणाल्या, "करपलीया." आणि खाल्ली.

मग दुसरी मागितली.

मी पाठ फिरवून पीठ मळत होते, कारण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. मागून आवाज आला, "आगं, झोपलीस का? तिसरी टाक की."